नमुन्याची बाटली

३ जानेवारी

ती. दादास सा. नमस्कार.

शाळेच्या फाटकाजवळची ती दगडी पायरी आठवते का रे? तू सायकल भिंतीला टेकवायचास, मला पायरीवर बसवायचास आणि गुडघे टेकून माझ्या बुटांच्या नाड्या नव्याने बांधायचास. आईने घरून निघताना बांधलेल्याच असत, पण कॅरिअरवर पाय हलवून हलवून मी त्या सोडवलेल्या असत. आत सिस्टर पट्टी घेऊन उभी. सैल नाडी दिसली की पोटरीवर फटका. तू दुहेरी गाठ मारायचास, शर्टाच्या बाहीने बुटांची टोकं पुसायचास आणि म्हणायचास, "जा मिसबाई, आता खुद्द मदरने तपासलं तरी पास." तुझ्या स्वतःच्या पायात चपला असायच्या, एकीचा अंगठा दोऱ्याने शिवलेला.

आज एकदम हे आठवायचं कारण, डॉक्टरांनी मला सकाळी फिरायला सांगितलंय आणि ह्यांनी मला नाड्यांचे बूट आणून दिलेत. साठी उलटल्यावर. नाडी बांधायला वाकले तर डोळ्यांपुढे तुझं डोकं आलं. पायरीवरून दिसायचं तसं, वरून, तेल चोपडलेलं, भांग वाकडा.

दादा, आता ये. परदेशातल्या त्या कारखान्याने तुला निरोप दिला त्यालाही किती वर्षं झाली. तिकडे आता तुझं कोण आहे? एका घरात चार म्हातारे, एकाला पाणी हवं तर दुसऱ्याला ऐकू येत नाही. मुलं आपापल्या संसारात आहेत, वरची खोली मोकळी आहे. पूर्वेची खिडकी उघडीन, कॉट तिकडे सरकवीन. तिथल्या बाथरूममध्ये धरायला स्टीलची दांडीसुद्धा बसवून घेतली. हे म्हणाले, "माणूस यायचाय अजून, आणि दांडी आधी?" मी म्हटलं, दांडी असली की माणूस येतो.

तब्येत कशी आहे ते खरं लिही. फोनवर विचारण्यात अर्थ नाही. मागच्या वेळी मी "जेवलास का" विचारलं तर तू "मंगळवारी" म्हणालास.

तुझी,
मिसबाई

२४ जानेवारी

चि. मिसबाईस अनेक आशीर्वाद. मेहुण्यांना नमस्कार.

पत्र पोहोचलं. भट्टीवाल्याने माझ्या हातातून हिसकावून मोठ्याने वाचलं, त्यामुळे मी लहानपणी तुझे बूट पुसायचो हे आता सगळ्या घराला ठाऊक आहे. फिटर म्हणाला, "मग आमचेही पूस, सवय मोडायला नको."

आमचं राज्य होतं तसंच चाललंय. भट्टीवाला स्वयंपाक करतो, कारण जन्मभर काचेच्या भट्टीपाशी उभा राहिलेला माणूस दुसऱ्या कोणाला गॅसजवळ फिरकू देत नाही. पॅकर घर आवरतो. आवरतो म्हणजे काय, धुतलेले मोजेसुद्धा कागदात गुंडाळून ठेवतो. फिटर मोडलेलं सगळं दुरुस्त करतो आणि न मोडलेलंही. मी बाटल्या तपासणारा, म्हणून मी तिघांच्या कामात खोट काढतो. घर कसं चोख चाललंय.

गेल्या आठवड्यात आरोग्य खात्याची एक मुलगी आली होती. म्हणाली, बाहेरून आलेले तुमच्यासारखे कामगार इथल्या माणसांपेक्षा जास्त जगतात असं दिसतंय, तर तुम्ही खाता काय? भट्टीवाला म्हणाला, "मी करतो ते खातात आणि तरी जगतात, याचं मलाच नवल वाटतं." पॅकर म्हणाला, "घरात बायका नाहीत." फिटर म्हणाला, "बाई, इथे आपलं कोणी मरतच नाही. मरायला सगळे घरी जातात." आम्ही हसलो. ती हसली नाही. तिने लिहून घेतलं.

खरं म्हणजे तो विनोद नव्हता. आमचा स्टोअरवाला पाय सुजले म्हणून घरी गेला, त्याने पुढचा उन्हाळा पाहिला नाही. क्रेनवाला दम लागतो म्हणून गेला. त्याचं पोचल्याचं पत्र आणि तो गेल्याचं पत्र आमच्या पोस्टमनने एकाच आठवड्यात टाकलं. तेव्हापासून या घरात नियम आहे, माळ्यावरची बॅग खाली काढायची नाही. तुझी खोली छानच असणार. पण मिसबाई, तिचं नाव काढू नकोस.

तब्येतीचं म्हणशील तर वर्षाची तपासणी नुकतीच झाली. साखर, रक्तदाब, सगळं जागच्या जागी. डॉक्टर खूश आहेत. यंदाही फिटरच गेला होता.

तुझा,
दादा

१५ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा शेवटच्या ओळीला अडखळले. तपासणी झाली, सगळं जागच्या जागी, आणि "यंदाही फिटरच गेला होता" म्हणजे काय? साखर कोणाची जागच्या जागी आहे? तुझी की फिटरभाऊंची?

ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "लिहिताना चुकला असेल." मी चाळीस वर्षं तुझी पत्रं वाचतेय. तू वाकडं लिहितोस, पण चुकत नाहीस.

आणि त्या आरोग्य खात्याच्या मुलीला माझा निरोप सांग. ही माणसं जास्त जगतात यात नवल काही नाही. कंपनीचा डॉक्टर गावी आला होता तेव्हा शाळेच्या पटांगणात तुम्हाला रांगेत उभं केलं होतं. मी तुझा शर्ट हातात धरून उभी होते. त्याने छात्या ठोकल्या, दंड दाबले, दात पाहिले. धडधाकट तेवढे उचलून नेले. खोकणारे, लंगडणारे आमच्यासाठी ठेवले. आणि आता विचारायला येतात, तुमची तब्येत इतकी छान कशी?

खोलीचं नाव काढू नकोस म्हणतोस, काढत नाही. रोज केर काढते, तेवढंच.

उत्तर लगेच दे. साखर कोणाची?

तुझी,
मिसबाई

६ मार्च

चि. मिसबाईस अनेक आशीर्वाद.

तू शाळेत मास्तरीण व्हायला हवी होतीस. पट्टीचा आवाज पत्रातून आला.

सांगतो. माझं काम तुला माहीत आहे. पट्ट्यावरून बाटल्या येत. एका लॉटमध्ये शेकडो. सगळ्या कोण तपासणार? प्रत्येक लॉटमधली एक उचलायची, उजेडात धरायची, पितळी कांडीने हळूच टोला द्यायचा आणि कान लावायचा. ती नमुन्याची बाटली. नाद स्वच्छ आला की अख्खा लॉट पास. याच कामावर मला घेतलं ते माझ्या कानांमुळे, आणि यंत्रांच्या आवाजाने तेच कान नेले. असो.

तर निवृत्त झाल्यावर आम्हाला तपासणीची पत्रं येऊ लागली. चौघांनी चार वेळा उपाशी पोटी जायचं, चार वेळा सुया टोचून घ्यायच्या, तिथल्या बाकावर अर्धा दिवस बसायचं. मीच म्हटलं, हे कशाला? आपण एकाच वर्षी आलो, एकाच कारखान्यात झिजलो, एकाच पातेल्यातलं जेवतो. एक जाऊ दे. शितावरून भाताची परीक्षा. फिटर सगळ्यांत काटक, जिने चढून धापा टाकत नाही, म्हणून दरवर्षी तो जातो. येऊन दारातूनच ओरडतो, "लॉट पास." मग भट्टीवाला काहीतरी गोड करतो.

हसू नकोस. इतकी वर्षं चाललंय आणि चौघेही उभे आहोत.

मला काहीही होत नाही. उलट अंग हलकं झालंय, पँटला पट्टा लागतो. बूट सैल झालेत, त्यांत घासून डाव्या करंगळीला फोड आलाय. हट्टी भाडेकरूसारखा आहे, किती दिवस झाले तरी जागा सोडत नाही. पण दुखत अजिबात नाही, म्हणजे विशेष काही नसणार. हल्ली तहान मात्र फार लागते. भट्टीवाला मीठ जास्त टाकतो असं मी म्हणतो, तो म्हणतो माझी जीभही कानांसारखी गेली.

मेहुण्यांना नमस्कार.

तुझा,
दादा

२० मार्च

भट्टीवाले भाऊ, हे पत्र दादाच्या हातून घ्या आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. त्याच्या उजव्या कानापाशी. तो बरा आहे म्हणे.

दादा, मी आज फोन केला होता. तू "छान, छान" म्हणालास. फिटरभाऊंकडे फोन दे म्हटलं तर "पाऊस नाही" म्हणालास आणि ठेवून दिलास. म्हणून लिहितेय.

तुला बाबांचं शेवटचं वर्ष माहीत नाही. तू तिकडे होतास आणि आईने तुला कळवू दिलं नव्हतं. बाबांनाही तहान लागायची. रात्री उशाशी तांब्या ठेवला तर सकाळी रिकामा. त्यांचंही अंग हलकं झालं, ते खूश होते. मग टाचेला एक फोड आला. तोही दुखत नव्हता. न दुखणारा फोड बरा असतो असं आम्हालाही वाटलं. दादा, तो दुखत नव्हता कारण पायाला काही कळतच नव्हतं. साखरेने पाय बधिर केला होता. आम्हाला समजलं तोवर उशीर झाला होता.

मला घाबरवायचं नाही. खोटं, मला घाबरवायचंच आहे.

भट्टीवाले भाऊ, गॅस बंद करा. पॅकरभाऊ, आरसा आणा. फिटरभाऊ, याचा मोजा काढा आणि तळवा पाहा. तो ओरडेल, ओरडू द्या. मग याला घेऊन जा. याला. नमुना नको.

तुम्ही काचेच्या बाटल्या नाही रे. भात तर नाहीच नाही.

मिसबाई

९ एप्रिल

ताईंना नमस्कार.

मी फिटर. माझं अक्षर पान्याने लिहिल्यासारखं आहे, सांभाळून घ्या.

तुमचं पत्र भट्टीवाल्याने जेवणाच्या टेबलावर वाचलं. "मिसबाईंचा हुकूम आहे" म्हणत आम्ही तिथल्या तिथे तुमच्या भावाचा मोजा काढला. तो आधी हसत होता. पॅकरने आरसा धरला. मग कोणीच हसलं नाही. मी शर्ट चढवला आणि गाडी बोलावली.

करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागलं. पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस थांबला असता तर गुडघ्यावर आलं असतं. आता बरा आहे. नर्सबाईंनी मांडलेल्या औषधांच्या बाटल्या नखाने वाजवून पाहतो आणि "ही चिरलीय" म्हणून त्यांना सांगतो. ऐकू येत नाही, तरी सांगतो.

ताई, आता जे लिहायचंय त्यासाठी हा कागद घेतला. तुमच्या भावाने तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली. नमुन्याची बाटली चांगली निघाली तर लॉट पास, हे खरं. पण ती तडकलेली निघाली तर नुसती तीच फेकत नव्हते. अख्खा लॉट चुऱ्यात जायचा. मी यंत्रापाशी असायचो, तो आवाज मला माहीत आहे.

माझ्या तपासणीत तीन वर्षांपूर्वीच खोट निघाली. हृदय थकलंय. गोळ्या घेतो, टूलबॉक्समध्ये पान्यांच्या खाली ठेवतो. आणि दारातून ओरडतो, लॉट पास. मला वाटलं, मी तडकलो म्हणून सांगितलं तर हे तिघेही त्याच दिवसापासून आजारी पडतील. एक जण बॅग काढेल, मग दुसरा. तुमच्या भावाला तुम्ही आहात. भट्टीवाल्याला मुलगी आहे, पॅकरला पुतण्या. मला हे घर आहे, दुसरं काही नाही. घर फुटू नये म्हणून गप्प बसलो. तेव्हाच बोललो असतो तर चौघेही तपासायला गेलो असतो आणि ती दोन बोटं आज जागेवर असती.

तुम्ही रागवा. मी ऐकून घेईन. माझे कान चांगले आहेत.

आपला,
फिटर

२ मे

चि. मिसबाईस अनेक आशीर्वाद.

घरी आलो. पायाला पांढरं गाठोडं आहे. पॅकरने बांधून दिलं असतं तर याहून नीट बांधलं असतं, असं तो स्वतःच म्हणतो.

फिटरने तुला काय लिहिलं ते त्याने मला सांगितलं. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. पण बहिरा माणूस बोलत नाही हे दुसऱ्याला कळणार कसं? त्याला पत्ताच नव्हता. तो माझ्यासमोर बसून आपलं बोलतोय. शेवटी मी लंगडत त्याच्या टूलबॉक्सपाशी गेलो, गोळ्यांची डबी काढली आणि जेवणाच्या टेबलावर मिठाशेजारी ठेवली. आता ती तिथेच असते, माझीही तिथेच असते. त्याने टूलबॉक्समध्ये डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "पाने तसेच टाकलेस ना, जागेवर ठेव." भांडण मिटलं.

चौघांनीही तपासून घेतलं, ज्याने त्याने स्वतःचं. भट्टीवाल्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, म्हणजे तुझी पत्रं तो निम्मी मनाने वाचत होता. पॅकरला काहीही निघालं नाही. तो नाराज आहे.

आता तू म्हणशील, ये. तू म्हणायच्या आधीच भट्टीवाल्याने माझी बॅग माळ्यावरून काढली. पुसली आणि कॉटपाशी ठेवली. बॅग अजून तिथेच आहे, रिकामी.

मिसबाई, मी येत नाही. घरी आलो की मरेन ही भीती आता राहिली नाही. ती होती, खोटं कशाला बोलू. पण आता असं झालंय की रोज सकाळी फिटर माझा तळवा पाहतो आणि मी त्याची गोळी पाहतो. त्याला विमानात बसायला मनाई आहे. मी आलो तर त्याची गोळी कोण पाहील? पॅकर ती कागदात गुंडाळून कपाटात ठेवील. तू विचारलं होतंस, तिकडे तुझं कोण आहे. मी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं.

वरची खोली कोणाला तरी दे. रागावू नकोस. नाहीतर रागव, पण पत्र लिही.

नवे बूट आणलेत. रुंद, नाड्यांचे. वाकलं की घेरी येते, आणि या तिघांपैकी कोणालाही गुडघ्यावर बसून परत उठता येत नाही. म्हणून बूट दाराशी तसेच आहेत.

तुझा,
दादा

२५ मे

ती. दादास सा. न.

रागावले होते. फिटरभाऊंना एक पत्र लिहायला घेतलं, कडक, सिस्टर लिहायच्या तसं. दोन ओळी झाल्या आणि मनात आलं, हा माणूस तीन वर्षं एकटा गोळ्या लपवत फिरला आणि दारात येऊन तुमच्यासाठी ओरडत राहिला. पुढे लिहवेना. कागद फाडला. त्यांना सांग, ताई रागावली होती, आता नाही.

मग तुझ्यावर रागावले. वरच्या खोलीत जाऊन बसले. पूर्वेची खिडकी उघडली, कॉट पाहिली. तू यावंस असं मला वाटत होतं ते तुझ्या म्हातारपणासाठी, असं मी ह्यांना सांगत होते, तुला सांगत होते. हे संध्याकाळी वर आले आणि म्हणाले, "तुला कोणीतरी हवंय ज्याच्या लेखी तू अजून लहान आहेस." एवढं बोलून खाली गेले. हे वर्षाकाठी एकदाच काहीतरी बोलतात, पण नेमकं.

तर दादा, बॅग मीच काढली. आमच्याकडे माळ्याचा काही नियम नाही. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पोचतेय, दोन महिने राहीन. हे येत नाहीत. म्हणाले, "मला चहा येतो, भात येतो, बाकी शेजारी आहेत." माझी सोय तुमच्या पलीकडच्या घरातल्या बाईंकडे झाली आहे. पॅकरभाऊंनी फोनवर सगळं ठरवून दिलं, तुला कळू दिलं नाही. तिकीट जायचं आणि यायचं, दोन्हीकडचं आहे. फिटरभाऊंना सांग, मरायला मी रीतीप्रमाणे घरीच येणार आहे.

एक पार्सल माझ्या आधी पोचेल. उघडून वस्तू वाटून टाक, माझी वाट पाहू नकोस.

दिवा लागणारं भिंग आहे, ते भट्टीवाल्या भाऊंना. ऑपरेशन होईपर्यंत पत्रं मनाने वाचायची नाहीत, आणि मीठही डोळ्यांनी पाहून टाकायचं.

गुडघ्याला बांधायची पट्टी पॅकरभाऊंना. त्यांना काहीच झालेलं नाही याचं वाईट वाटतं ना, निदान घालून बसतील. ज्या कागदात गुंडाळली आहे तोही त्यांनाच.

गोळ्यांची डबी, वारांचे कप्पे असलेली, फिटरभाऊंना. तिचं एक झाकण जरा सैल आहे. मी मुद्दामच बदलून आणली नाही, त्यांना हाताला काम हवं.

सगळ्यांत तळाशी जड काहीतरी लागेल. ती स्टीलची दांडी आहे, वरच्या बाथरूममधली. मिस्त्रीला बोलावून काढून घेतली. भिंतीला भोकं राहिली आहेत, राहू देत. स्क्रू पिशवीत आहेत. फिटरभाऊंकडून तुमच्या न्हाणीघरात बसवून घे, तुम्हा चौघांचीही पकड येईल अशा उंचीवर. ती घराला.

तुझ्यासाठी पार्सलमध्ये काही नाही, शोधत बसू नकोस. नवे बूट दाराशी आहेत तसेच राहू देत. कोणाला हात लावू देऊ नकोस. मी आले की तू पायरीवर बस. नाड्या माझ्याकडे.

तुझी,
मिसबाई